उपाशी जिवाणूंचे गावंडेसर

मी दार दोन हातांनी लावते. एक हात मुठीवर, दुसरा फळीवर, आणि शेवटच्या बोटभर अंतरात श्वास रोखून. घरात सगळे हसतात. नवरा विचारतो, "आत कुणी झोपलंय का?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्याला धड उत्तर दिलेलं नाही. द्यायचं तर गावंडेसरांपासून सुरुवात करावी लागेल, आणि गावंडेसरांचं नाव काढलं की माझं डोकं आजही तापतं.

डॉ. मधुकर गावंडे हे माझे पीएच.डी.चे गाईड. मूळचे यवतमाळकडचे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती, तीही तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. वरच्या मजल्यावर ऐसपैस जागा मिळत होती, पण वर इमारत जास्त हलते म्हणून त्यांनी ती नाकारली होती. इमारत हलते हे संस्थेतल्या दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. सर उंच, खांद्यात वाकलेले, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. पायात कॅनव्हासचे बूट. आम्हा सगळ्यांनाच तसे बूट घालावे लागत, कारण टाचांच्या चपला वाजतात. दार आपटणं हा तिथला मोठा गुन्हा आणि मोठ्याने शिंकणं हा त्याखालचा.

तीस वर्षं पुण्यात काढूनही सरांची वऱ्हाडी गेली नव्हती, फक्त तिची वेळ ठरलेली होती. खुशीत असले की वऱ्हाडी आणि चिडले की शुद्ध पुणेरी. "काऊन वं मेधा, जेवली का?" असं म्हणाले की दिवस चांगला. "आपण जेवून आलात वाटतं," असं म्हणाले की समजायचं, आपण त्यांच्या मते जेवायला फार वेळ घेतला. सहा वर्षांत त्यांनी मला 'तू' किती वेळा म्हटलं ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. 'आपण' मात्र उठताबसता.

त्यांचं संशोधन जिवाणूंवर. खायला मिळेनासं झालं, पाणी आटलं, मीठ वाढलं की जिवाणू काय करतो, हा त्यांचा विषय. पुणेकर असता तर त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. जिवाणू गप्प बसतो. वाढणं थांबवतो, आणि उरलीसुरली ताकद एकाच प्रथिनात घालतो. ते प्रथिन त्याच्या डीएनएभोवती गच्च बसतं, आणि वाईट दिवस सरेपर्यंत तो तसाच पडून राहतो. क्षयासारख्या रोगाचे जिवाणू माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं दबा धरून बसतात, ते अशाच युक्त्यांवर. "आमच्याकडे बियाण्याची तूर राखेत घोळून ठेवतात नं, तसं," सर सांगत. "राख तुरीले चिकटते कशी, एवढंच पाह्यचं आहे." एवढंच! त्या प्रथिनाची डीएनएवरची पकड नेमकी कुठली, हे पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यांच्या पाठोपाठ माझी जायला लागली होती.

असलं प्रथिन साध्या भिंगातून दिसत नाही. आधी त्याचा स्फटिक करावा लागतो, मग त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटणाऱ्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढायचा. गणित जमतं, स्फटिक जमत नाही. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये लहान लहान खोबण्या असतात. काचेच्या चकतीवर प्रथिनाचा थेंब ठेवायचा, चकती खोबणीवर उलटी घालायची म्हणजे थेंब आत लटकतो, कडेला ग्रीस लावून हवा बंद करायची, आणि वाट बघायची. आठवडे, महिने. बहुतेक वेळा थेंब फाटतो, नासलेल्या दुधासारखा. रोज सकाळी सर दारातूनच विचारत, "काय, दूध का खडीसाखर?" रोज सकाळी मी म्हणायची, "दूध." मग ते म्हणत, "पुन्हा लावा."

'पुन्हा' हा शब्द त्यांनी माझ्या आयुष्यातून कायमचा नासवला. त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं: "एकदा दिसलं म्हणजे दिसलं नाही." हे प्रयोगापुरतं असतं तर मी मान दिला असता. हा माणूस घड्याळ वापरत नसे. दोन जणांना वेळ विचारत असे, आणि दोघांची घड्याळं जुळली नाहीत तर तिसऱ्याला. बसची पाटी वाचून वर कंडक्टरला विचारणार, ही बस स्वारगेटला जाते का. मी माझ्या साखरपुड्याचं आमंत्रण दिलं तेव्हा त्यांनी हसून अभिनंदन केलं, आणि संध्याकाळी माझ्या आईला फोन करून तारीख पडताळून घेतली. आई घाबरली. तिला वाटलं, मुलीने काहीतरी लपवलंय.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर अख्खं पुणे कॉम्प्युटरकडे पळत होतं. दर चौकात सहा महिन्यांत प्रोग्रॅमर बनवणारे क्लास निघाले होते. माझ्याबरोबर बी.एस्सी. झालेल्या मुली कंपनीच्या बसमधून हिंजवडीला जात आणि रविवारी फ्लॅट बघायला. आमच्याच प्रयोगशाळेतला माझा सीनियर नितीन एक दिवस सकाळी आला आणि म्हणाला, "सर, मला सॉफ्टवेअरमध्ये जॉब मिळालाय." सरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "अभिनंदन. आपले बीकर धुवून जा." नितीनने सगळे बीकर धुतले. मग सरांनी त्याला पुन्हा धुवायला लावले.

रस्त्यावर तेव्हा सगळीकडे केबल टाकायचं काम चालू होतं. आमच्या भिंतीला लागून ड्रिल सुरू झालं आणि ट्रेमधलं पाणी थरथरायला लागलं, तसे सर कॅनव्हासच्या बुटांनी बाहेर धावले. मी मागोमाग. मुकादम होता लोणी काळभोरचा, डोक्याला फडकं बांधलेला, पंचावन्न-साठीचा. सर म्हणाले, "हे इथे दहा दिवस बंद ठेवा." मुकादमाने त्यांना नीट न्याहाळलं. "का वो साहेब? आत कुनी बाळंतीन हाय का?"

सरांनी क्षणाचाही विचार केला नाही. "हो," म्हणाले.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहावं ते मला समजेना. पण त्या माणसाने खरंच मशीन उचललं आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दहा दिवसांनी परत आला तो पानात गुंडाळलेले डिंकाचे लाडू घेऊन. "मालकिनीनं दिल्यात. पोरगा का पोरगी?" सर म्हणाले, "अजून मोकळी झाली नाही." मुकादम चुकचुकला, आणि आणखी आठवडाभर ड्रिल लांब ठेवलं. मी सरांना म्हटलं, "सर, हे खोटं आहे." ते म्हणाले, "एक शब्द खोटा नाही. आपण लाडू खा."

गुरुवारी वीज जायची. तेव्हा कोल्डरूम थंड ठेवायला सर स्वतः स्कूटरवरून बर्फाची लादी आणत. पायापाशी पोत्यात गुंडाळलेली लादी, मागे मी, आणि मंडईपासून संस्थेपर्यंत रस्ताभर पाण्याची धार. सिग्नलला शेजारचे लोक विचारत, "काका, मासळी का?" सर सांगत, "प्रथिन." उरलेला दिवस मी स्वेटर घालून ओली पोती बदलत बसायची. त्यांच्या बायको, नलूकाकू, कधी डबा घेऊन येत आणि दारातच सांगत, "त्यांना जेवणार का म्हणून विचारू नकोस हो. जिवाणू उपाशी आहेत ना, मग हे कसे जेवतील?" काकूंचा सूर माझ्यासारखाच वैतागलेला असायचा, फक्त त्यांची नोकरी कायम होती.

आणि मग ती खंडेनवमी आली.

संस्थेच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक साळुंखे दर खंडेनवमीला ताम्हण घेऊन इमारतभर फिरत. लेथ, जनरेटर, संचालकांची गाडी, वरच्या मजल्यावरचा एकमेव चालू फॅक्स, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. सरांचा देवावर विश्वास नव्हता, पण यंत्रांच्या बाबतीत ते कुणालाच दुखवत नसत. त्या दिवशी ते स्वतः थेंब लावत होते. चकत्या टेबलावर मांडलेल्या, प्रत्येकीवर थेंब, अजून उलट्या घालायच्या. साळुंखे आले, मायक्रोस्कोपला बोटं टेकवली, हात झटकला, आणि सरांच्या तोंडात पेढा कोंबला. सर पुटपुटत पेढा खाऊन परत बसले आणि त्यांनी चकत्या उलट्या घालून ट्रे बंद केला. कुणाला काही कळलं नाही.

दिवाळीनंतर मी ट्रे भिंगाखाली धरला. पहिली खोबणी दूध. दुसरी दूध. तिसऱ्या खोबणीत, थेंबाच्या मधोमध, हिऱ्याच्या कुडीतला खडा असावा तसा स्फटिक. मी ओरडले नाही, कारण ओरडायची परवानगी नव्हती. दारापाशी जाऊन हळूच म्हटलं, "सर, खडीसाखर."

पुढचे दिवस मला आजही लख्ख आठवतात. स्फटिकाने क्ष-किरणांना ठिपके दिले, ठिपक्यांनी गणिताला आकार दिला, आणि एका दुपारी पडद्यावर ते प्रथिन उभं राहिलं. गोळ्यासारखं, आणि त्या गोळ्यातून बाहेर आलेली एक शेपूट. डीएनएला धरते ती हीच शेपूट, हे पडद्यावर बघताक्षणी दोघांनाही समजलं. सर खुर्चीतून उठले. "पाह्य वं, पाह्य," म्हणाले. "राख अशी चिकटते!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मला वाटलं, सुटले. प्रबंध झाला, लेख झाला, मी मोकळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी विचारलं, "त्या स्फटिकाच्या मधे लाल ठिपका कशाचा होता?"

सोडून द्यायला काय झालं होतं! पण नाही. दोन दिवस डोकं खाऊन त्यांनी शोधून काढलं की तो कुंकवाचा कण होता. साळुंख्यांच्या बोटाचा. कधी कधी एखाद्या कणाला धरून स्फटिक वाढतो, हे आमच्या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न तिथे संपायला हवा होता. सर म्हणाले, "म्हणजे लेखात कुंकू लिहावं लागेल. आणि लिहायचं तर ते पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे."

संचालकांनी समजावलं, "गावंडे, 'धूलिकण' लिहा आणि मोकळे व्हा. परदेशातले लोक हसतील."

"हसू द्या," सर म्हणाले. "धूळ नव्हती ती."

मग सुरू झालं कुंकवाचं वर्ष. माझे आई-वडील सांगत असत की मुलगी सूक्ष्म जीवशास्त्रात संशोधन करते, आणि मुलगी मंडईजवळच्या दुकानांत कुंकू हुंगत फिरत होती. पिंजर, ओलं कुंकू, रंगाचं कुंकू, देवळांबाहेरच्या पुड्या. सर दुकानदारांना विचारत, "यात घालता काय?" एक दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, कुंकू घ्यायचंय, का धाड घालायला आलाय?" हळदीपासून केलेलं अस्सल कुंकूही आम्ही शोधून आणलं. प्रत्येक कुंकवाचे कण चाळून, वजन करून, सुईच्या टोकाने थेंबात सोडायचे. दूध. पुन्हा. दूध. साळुंख्यांच्या घरची डबी आणली. दूध.

पुढच्या खंडेनवमीला सरांनी तो प्रसंगच पुन्हा घडवून आणायचं ठरवलं. तोच ट्रे, तेच टेबल, साळुंख्यांना मागच्या वर्षीचाच शर्ट घालून यायला सांगितलं. ते ताम्हण घेऊन आले तर सरांनी दारातच अडवलं. "झेंडू नको. अक्षता नको. हळद नको. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. फक्त कुंकू."

साळुंखे म्हणाले, "साहेब, नुसतं कुंकू? बरं दिसत नाही."

"दिसण्यासाठी नाही हे. आपण लावा."

दिवाळीनंतर ट्रे उघडला. सगळ्या खोबण्यांत दूध. मी ते सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "ठीक. पुढचं कुंकू." आणि त्याच महिन्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा लेख छापून आला. आमचंच प्रथिन. आमचाच गोळा. फक्त त्यांच्या चित्रात शेपूट नव्हती. त्यांच्या स्फटिकात ती हलती राहिली होती, म्हणून दिसलीच नव्हती.

मी तो लेख सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, उठले, बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. खरंच. दुसऱ्याच्या लेखाचे पेढे! "गोळा बरोबर होता आपला," म्हणाले. "दुसऱ्याने पाहिला म्हणजे खरा."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "सर, शेपूट आपल्याकडे आहे! खरं उत्तर आपल्याकडे आहे! आजच्या आज पाठवा, अजून वेळ आहे. तेही शोधतच असतील."

"एकदाच दिसली आहे. एकदा दिसलेली शेपूट सापाची असते, सरड्याचीही असते."

"तुम्ही दीड वर्षांनी निवृत्त होणार. माझी फेलोशिप तर आत्ताच संपतेय. कुंकू सापडलंच नाही तर?"

"तर आपल्याला माहीत नाही असं म्हणायचं."

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला असेल, "मी तुमच्याइतकी उपाशी राहू शकत नाही!"

ते म्हणाले, "बरोबर आहे. आपण जिवाणू नाही." त्या वाक्याला हसावं की त्यांच्या अंगावर धावून जावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. महिन्याभरात मी हिंजवडीला नोकरी धरली. जाताना माझे बीकर मी न सांगता धुतले, आणि माझ्या रागाचा कळस म्हणजे ते चांगले दोनदा धुतले.

हिंजवडीत काचेची इमारत होती, आत गारवा होता, आणि वेळच्या वेळी कॉफी होती. औषध कंपन्यांच्या चाचण्यांची माहिती साठवणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. काम एकदा चाललं की चाललं, कुणी पुन्हा करा म्हणत नव्हतं. जाता-येता बस दोन-दोन तास अडकायची आणि मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात सरांशी भांडायची. सगळे मुद्दे मीच जिंकायची. प्रबंध अर्धवट कपाटात पडला होता, आणि तो विषय घरात कुणी काढायचा नाही असा नियम मी केला होता.

वर्ष गेलं. संक्रांतीच्या आठवड्यात एका संध्याकाळी नलूकाकूंचा फोन आला. आवाज रडवेला. "मेधा, तुझ्या सरांनी मला आज तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

"काय झालं काकू?"

"अगं, हळदीकुंकू होतं घरी. अख्खी सोसायटी आलेली. मी त्यांना सांगितलं होतं, दोन तास बाहेर जा. गेले नाहीत. मी पाटणकर वहिनींना कुंकू लावतेय तर हे आतून आले, माझा हात धरला, आणि माझ्या बोटाला नाक लावून बघत बसले! मग वहिनींच्या कपाळापर्यंत गेले बघायला. त्या बिचाऱ्या मागे सरकून सोफ्यावर आपटल्या. तिळगूळ न घेता गेल्या गं त्या!"

मागून सरांचा आवाज येत होता. "इकडं दे. मले दे तो फोन." मग फोनमध्ये थेट ओरडले, "मेधा! हळद राह्यली!"

"काय?"

"आधी हळद लावतात, मग कुंकू. त्याच हाताने! बोटाले हळद चिकटून राह्यते, तिच्यावर कुंकू बसते. आपण लाल ठिपका पाह्यला आणि लालच शोधत बसलो. साळुंख्याले हळद नको म्हणणारा गाढव कोण होता?"

मी कंपनीच्या बसमध्ये उभी होते. जन्मापासून पाहत आलेली गोष्ट. आईने रोज केलेली, मी स्वतः केलेली, आणि आम्ही दोघांनी मिळून वर्षभर मंडई पालथी घालून ती वगळून ठेवली होती, शास्त्रीय शिस्त म्हणून! मी म्हटलं, "पण सर, आपण हळदीचं अस्सल कुंकूही तपासलं होतं." ते म्हणाले, "त्यात चुना घालतात. ती हळद हळद राहत नाही. कच्ची पाह्यजे. शनिवारी ये. थेंब तुझ्या हातचे पाह्यजेत, माझे हात आता कापतात."

मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. जागेचा ताबा घ्यायला नवे प्रमुख कोल्डरूमची मापं घेऊन गेले होते. त्याआधी स्फटिक पुन्हा आला नाही तर शेपटीचं चित्र कपाटात राहणार, आणि माझा प्रबंधही. मी शनिवारी गेले. साळुंखे ताम्हण घेऊन उभे होते, यंदा खंडेनवमी पौषातच आल्यासारखे. त्यांनी आधी हळद घेतली, मग कुंकू, आणि थेंबांवर हात झटकला. सरांनी या वेळी काही अडवलं नाही. मी चकत्या उलट्या घालून ट्रे बंद केला, आणि आम्ही वाट बघायला लागलो.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी पुन्हा गेले. प्रयोगशाळा अर्धी रिकामी झाली होती, खोकी बांधून भिंतीशी लावलेली. सर स्टुलावर बसले होते. "ट्रे उघडला नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "तू येशील म्हणून थांबलो."

मला लगेच राग आला. दोन महिने हा माणूस ट्रे समोर ठेवून बसला होता! मी ट्रे भिंगाखाली घेतला. पहिली खोबणी. दुसरी. चौथी. "सर," मी म्हटलं, "या. बघा."

ते उठले, टेबलाला धरत आले, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले.

"मले काही दिसत नाही बाप्पा," ते म्हणाले. "डावा डोळा मागेच गेला. आता उजव्यातही नुसता उजेड. तू सांग, मी आयकतो."

"सर! हे मला कधी सांगणार होतात?"

"तू विचारलं नाही."

त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं मला. मी खाली बसले आणि भिंगातून बघत सांगायला लागले. पहिल्या खोबणीत एक. दुसरीत एक, लहान. तिसरीत नाही. चौथीत दोन, जुळे. ते विचारत होते: कडा सरळ आहेत का? कोपरे झिजलेत का? कितीसे मोठे? मधला कण कसला? "पिवळा," मी म्हटलं, "आणि त्याला चिकटून लाल." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी चौथी खोबणी संपवली, तेव्हा म्हणाले, "मग खरं आहे."

"बोलवू का कुणाला? साळुंख्यांना? अजून कुणी बघितलं म्हणजे..."

"कायले? तू पाह्यलं नं?"

सहा वर्षं ज्या माणसाने माझ्या साखरपुड्याच्या तारखेवरही विश्वास ठेवला नव्हता, तो माझ्या एका वेळच्या बघण्यावर थांबला होता. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसणार नव्हतं म्हणून मी ते आवरलंही नाही.

"आता लिहायला घे," ते म्हणाले. "पण गावंड्याने पाह्यलं असं लिहू नको. मेधाने पाह्यलं असं लिही."

"असं कुणी लिहीत नाही सर."

"मग तू लिही."

तो लेख छापून आला, शेपटीसकट, हळद आणि कुंकवासकट. परीक्षकांनी तीन वेळा विचारलं की हे काय आहे, आणि मी तीन वेळा सांगितलं. प्रबंधही झाला. सर एप्रिलमध्ये काकूंना घेऊन यवतमाळला भावाकडे गेले. पुढे आमचं बोलणं फोनवर होई. एके दिवशी काकूंचाच फोन आला, आणि मी काय ते समजले. त्या शनिवारनंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या शनिवारी मी कॉम्प्युटर चालू करून पहिलं वाक्य लिहिलं आणि त्यांना ऐकवायला मान वळवली. सर खोक्याला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. दोन्ही चष्मे काढून मांडीवर ठेवलेले, तोंड किंचित उघडं. भर सकाळी, प्रयोगशाळेत, गाढ झोपले होते. मी बाहेर पडले आणि दार दोन हातांनी लावलं.